पिकअप ते बीटा: बोलायचं कुणाशी?

धाकट्या जावेची आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची, पहिली सायकल (एक पूर्ण प्रयत्न) पुढच्या महिन्यात सुरू होतेय. परवा भाजी निवडताना म्हणाली, "ताई, डॉक्टर ठरले, पैशांचं जमलं. पण मधल्या दिवसांत डोक्यात जे चालतं ते बोलायचं कुणाशी?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. पिकअप म्हणजे अंडी काढणं, ट्रान्सफर म्हणजे गर्भ आत सोडणं आणि बीटा म्हणजे शेवटी गरोदरपण तपासणारी रक्ताची टेस्ट. मी स्वतः दोन सायकल केल्या, दोन्ही मुंबईत. पहिली फेल गेली. दुसरीचं मुद्दाम लिहीत नाही, कारण मग लोक सल्ला त्या निकालावरून तोलतात.

पर्याय मुळात तीनच: सेंटरची काउन्सेलर, हेच उपचार घेणाऱ्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि बाहेरचा थेरपिस्ट. घरचे म्हणाल, तर ते धरून चालू नका. केईएममध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, म्हणजे मुंबईला हा विषय जुना. तरी आमच्या चाळीत अजून "जरा तब्येतीचं बघतोय" असंच सांगावं लागतं. आईला सांगितलं की मावशीला कळतं आणि मावशीला कळलं की हळदीकुंकवात सगळ्यांना.

सेंटरची काउन्सेलर ही कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नसते. २०२१च्या एआरटी कायद्याप्रमाणे (तो अशाच उपचारांसाठी आहे) यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, जुळ्या-तिळ्यांचा धोका हे सगळं जोडप्याला समजावून सांगणं सेंटरवर बंधनकारक आहे. तक्रार ऐकायची सोयही त्यांनी ठेवायलाच हवी. प्रत्यक्षात काय मिळेल ते मात्र माणसावर. पहिल्या ठिकाणी भिंतभर गुटगुटीत बाळांचे फोटो, टेबलावर टिश्यूचा डबा आणि दहाव्या मिनिटाला दोन सायकलचं पॅकेज, हप्त्यांसकट. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांचा पगार त्याच काउंटरवरून निघत होता. दुसऱ्या सेंटरमधल्या बाईंनी आधी हे विचारलं: "किती प्रयत्नांनंतर थांबायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवलंय का?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे आम्ही एकदाही बोललो नव्हतो.

तर सेंटरच्या काउन्सेलरला सह्या करण्याआधी गाठा आणि तिला आकड्यांवर आणा. "सक्सेस रेट" म्हणून जो सांगतात तो बीटा पॉझिटिव्ह आलेल्यांचा की खरोखर बाळ घरी नेलेल्यांचा? माझ्या वयाच्या, माझ्याएवढ्या एएमएचच्या (अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) बायकांचा किती? या दोन प्रश्नांवर समोरचा माणूस कळतो. सायकल फेल गेल्यावर रडायला मात्र तिथे जाऊ नये, असं माझं मत. त्या खोलीत पुढच्या सायकलचा विषय निघतोच.

ग्रुपला नावं ठेवणं सोपं आहे, पण इंजेक्शनच्या दिवसांत माझा जीव ग्रुपनेच वाचवला. रात्री साडेदहाचं ट्रिगर, म्हणजे अंडी काढण्याआधीचं शेवटचं इंजेक्शन, होतं आणि सव्वानऊला मी कळव्याच्या अलीकडे अडकलेल्या लोकलमध्ये, मांडीवर बर्फाची पिशवी घातलेला डबा. ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात, म्हणून ती वेळ घड्याळ लावून पाळायची असते. सेंटरचा फोन लागेना. ग्रुपवर विरारच्या एकीने लगेच लिहिलं: "टोचल्याची नेमकी वेळ लिहून ठेव आणि सेंटरला कळव. पिकअप ते तेवढंच पुढे घेतात." दहा चाळीसला घरी टोचलं. सकाळी सेंटरवालेही तेच म्हणाले.

हाच ग्रुप ट्रान्सफरनंतर विषासारखा होतो. अननस खा, डाळिंब खा, दोन आठवडे पलंगावरून उठू नको. ट्रान्सफरनंतर झोपून राहिल्याने गर्भ रुजायला मदत होत नाही, हे डॉक्टर कधीचं सांगतायत. छाती दुखतेय म्हणून आनंदी इमोजी येतात. अगं, तू प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला देतात ते हॉर्मोन) घेतेयस, छाती दुखणारच! घरी टेस्ट करणाऱ्या तर कळस. ट्रिगर एचसीजीचं, म्हणजे टेस्ट जे हॉर्मोन शोधते त्याचंच, असेल तर त्यानेच काही दिवस पट्टीवर दुसरी रेघ उमटू शकते. ती रेघ बघून पेढ्याची ऑर्डर दिलेली बाई मी पाहिलीये.

बाहेरचा थेरपिस्ट महाग पडतो. मुंबईत तासाला दीड-दोन हजार सहज जातात, आणि मेडिक्लेममध्ये वंध्यत्वाचे उपचार बहुतेक वगळलेलेच, त्यामुळे खिसा आधीच रिकामा. पण थेरपिस्टला तुमची सायकल झाली काय न झाली काय, त्यातून काही मिळत नाही, आणि मोल आहे ते याचंच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारा, लाजू नका. पैसे नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. टिसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची) आयकॉल हेल्पलाइनही आहे. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी असते. रांग मोठी, पण केसपेपर स्वस्त.

नवऱ्याचंही सांगते. सेंटरमध्ये तो फक्त कार्ड स्वाइप करायचा आणि सॅम्पल द्यायचा. ग्रुपवर तर पुरुष नव्हतेच. सायकल फेल झाल्यावर आठवड्याने तो गाडी पार्क करून अर्धा तास वर आलाच नाही. खाली बसून १४४१६ला फोन लावला होता. मला ते दोन महिन्यांनी कळलं.

जावेला मी सांगितलं, एकाच गोष्टीला पैसे असतील तर बाहेरच्या माणसाला दे. पहिली भेट सायकलच्या आधी घे, म्हणजे नंतर सगळी कहाणी मुळापासून सांगत बसावं लागत नाही. ग्रुप पिकअपपर्यंत ठेव, ट्रान्सफरच्या सकाळी म्यूट कर. बीटाचं रक्त सकाळी घेतात आणि रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो. माझा ५:४०ला आला होता, घाटकोपरच्या पुलावर, गर्दीत. त्या दिवशी तू अर्धी रजा टाक आणि घरी ये. नाहीतर माझ्याकडे ये, मी चहा टाकते.