स्वतःचं संकेतस्थळ: ह्यूगो की वर्डप्रेस?

लेखन आणि प्रोग्राम एकाच ठिकाणी मांडायचे असतील तर आमचा कौल ह्यूगोला, म्हणजे साध्या फाइलींपासून साइटची पानं बांधणाऱ्या प्रोग्रामला. लेख म्हणजे साधी मार्कडाउन फाइल, म्हणजे शीर्षक, ठळक अक्षरं वगैरे साध्या खुणांनी दाखवणारा मजकूर. एक कमांड दिली की 'पब्लिक' फोल्डरमध्ये तयार पानं येतात, ती सर्व्हरवर चढवायची. डेटाबेस नसतो, त्यामुळे साइटच्या अख्ख्या फोल्डरची प्रत घेतली की बॅकअप झाला. पान गायब असेल तर आधी लेखाच्या फाइलीत 'ड्राफ्ट' (कच्चा मसुदा) ट्रू राहिलंय का ते बघा, मग लेखावर दिलेली वेळ. टाइमझोन न देता सकाळी ९ लिहिलं तर ह्यूगो ते यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) धरतो, आणि भारतात दुपारी अडीचच्या आधी साइट बांधली तर लेखाची वेळ अजून यायची आहे असं समजून तो वगळला जातो.

वर्डप्रेस या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीला पीएचपी ही भाषा, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि नियमित अपडेट लागतात. पण फोनवरून लिहिता येतं, शोध आणि प्रतिक्रियाही आयत्या मिळतात.

मराठी शीर्षक असेल तर वर्डप्रेसमध्ये स्लग (पानाच्या पत्त्यातला शीर्षकापासून बनणारा भाग) तपासाच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ३ बाइटचं, पत्त्यात ते ९ अक्षरं होतं; अनुस्वार, काना, मात्राही वेगळे मोजले जातात. नुसत्या 'संगणक'ची ४५ होतात! स्लगची मर्यादा २०० अक्षरं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. लांब शीर्षक मध्येच तुटतं. लेख प्रकाशित करण्याआधीच छोटा रोमन स्लग हाताने लिहा.