ठोका की दिवा? सरावात लय कशावर धरायची

गणपती जवळ आले की झांजपथकाच्या सरावात एक प्रश्न हटकून येतो. हलगी, ढोल आणि झांजा एकदम सुरू झाल्यावर मेट्रोनोमचा, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणाऱ्या यंत्राचा, ठोका कोणाला ऐकू जातो? मग कोणीतरी लुकलुकणारा दिवा सुचवतो. आवाजात आवाज मिसळायची भानगड नाही, डोळ्याला दिसतंय तसं वाजवायचं. कल्पना वाईट नाही. विकत घ्यायचा विचार असेल तर आधी दोन्हींचं पारडं नीट बघून घ्या.

आपल्याकडे 'जाळ आणि धूर संगटच' म्हणतात. मेंदूत मात्र प्रकाश आणि आवाज असे संगट पोचत नाहीत. प्रकाश डोळ्यापर्यंत तत्काळ पोचतो, पण डोळ्याच्या आतल्या पडद्यातली रासायनिक प्रक्रिया तीस-चाळीस मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) खाते. कानातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशी यांत्रिक असल्यामुळे त्यांचं काम खूप चटकन होतं. उलट आवाज हवेतून येताना दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. हिशेब जुळतो तो १०-१५ मीटरच्या आसपास. तिथे जाळ आणि धूर खरंच संगट पोचतात. त्याच्या अलीकडे कान पुढे, पलीकडे डोळा पुढे. एरवी हा फरक जाणवत नाही, कारण मेंदू थोडी सूट देऊन दोन्ही एकाच घटनेत बांधून टाकतो. दूरचित्रवाणीसाठी १९९८ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हा उंबरठा असा दिला आहे: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की खटकायला लागतो, मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. मागे पडलेला आवाज जास्त खपतो, कारण लांबचा आवाज उशिरा येणं हा रोजचाच अनुभव आहे.

आता दिव्याची बाजू. ठाय लयीत, मिनिटाला ६० ते ८० मात्रांपर्यंत, दिवा चांगलं काम देतो. गोंगाटाची त्याला फिकीर नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही, पन्नास जणांना एकच दिवा पुरतो. लय वाढली की मात्र गाडी अडते. २००३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात नुसत्या लुकलुकीबरोबर बोटाने ताल धरायला लावला, तेव्हा दोन लुकलुकींमधलं अंतर साधारण ४६० मिलिसेकंदांच्या खाली गेल्यावर ताल सुटायला लागला. म्हणजे मिनिटाला जेमतेम १३० ठोके. तेच टकटक ऐकून करायचं असेल तर ही मर्यादा १२० मिलिसेकंदांच्या आसपास, जवळपास चौपट वेगावर. मिरवणूक रंगात आल्यावर हलगीचे हात कुठे जातात ते कोल्हापुरात महाद्वार रोडला उभं राहिलेल्या कोणालाही माहीत आहे. तिथे दिवा प्रत्येक आघाताला लावता येत नाही. चार मात्रांतून एकदा लावायचा, आणि मधल्या मात्रा तुमच्या तुम्ही सांभाळायच्या.

एवढ्यावरही दिवा बाद झाला नसता. खरा वैताग वेगळाच आहे. हलगीवर टिपरू पडलं की दिव्याची लुकलुक त्या आवाजाकडे ओढली जाते. तुम्ही ५० मिलिसेकंद आधी वाजवलंत तरी दिवा तेव्हाच लागल्यासारखा वाटतो. डोळे सताड उघडे ठेवून बघितलं तरी हेच. मेंदूचा व्यवहार सरळ आहे: ज्या इंद्रियाची ज्या बाबतीत जास्त पत, त्याचा शब्द शेवटचा. जागेच्या बाबतीत डोळा वरचढ असतो. नाटकात आवाज बाजूच्या स्पीकरमधून येत असतो तरी तो नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. वेळेच्या बाबतीत कान वरचढ. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकच झगमग दाखवली आणि तिच्याबरोबर दोन बीप वाजवले, तर बघणाऱ्यांना झगमगही दोनदा दिसली. मग चुकीच्या वेळी वाजवणाऱ्याला दिवा टोकणार कसा? तो तुमच्याच हलगीच्या बाजूने साक्ष देतो. सराव मनासारखा होतो, चूक जागच्या जागी राहते.

पटत नसेल तर पडताळून बघा. फोनचा स्लो-मोशन कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमवर लावा (काही फोन मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतात, ते चालणार नाहीत). दिवा आणि हलगी एकाच चौकटीत येतील असं बसा. लय ८० ठेवून मिनिटभर वाजवा. मग टिपरू कातड्याला टेकल्याची फ्रेम आणि दिवा लागल्याची फ्रेम यांतलं अंतर मोजा. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंद. शूटिंग दिवसाउजेडी करा, कारण अंधारात हा वेग मिळत नाही. दिवा एलईडीचाच हवा. फोनच्या पडद्यावर लुकलुकणारा ठिपका नको, कारण ६० हर्ट्झचा पडदा दर १७ मिलिसेकंदांनी बदलतो आणि तेवढी खोट मापातच शिरते. बरोबर वाजलं असं ज्यांना वाटत होतं ते आघात दहा-दहा फ्रेम पुढे निघाले की दिव्यावरचा विश्वास आपोआप कमी होतो.

ठोक्याची गंमत याच्या उलट आहे. आघात नेमका बसला की ठोका तुमच्या आवाजाखाली गडप होतो. जरा हललात की 'ट-टक्' असे दोन आवाज सुटे ऐकू येतात आणि चूक तिथेच कळते. ठोक्याच्या किंचित आधी हात पडणं हा तर माणसाचा स्वभावच आहे. नवशिक्यांत ते अंतर वीस ते ऐंशी मिलिसेकंदांचं असतं, सरावाने कमी होतं. ते कमी होतंय की नाही हे कानाला कळतं. डोळा ते माफ करून टाकतो.

ठोक्याला कटकटी आहेत, नाही असं नाही. जाळावर शेकून चढवलेली हलगी कानाशी वाजत असताना आवाज वाढवत नेणं हा कान घालवायचा खात्रीचा मार्ग. त्यापेक्षा आत वायरचा इयरफोन, वर कान झाकणारे मफ, आणि ठोका हळू. ढोलासाठी बारीक, तीक्ष्ण टिकटिक निवडा. हलगी-झांजेसाठी जाडसर, लाकडी. वाद्याच्याच पट्टीतला ठोका त्यात बुडून जातो. ब्लूटूथचा उशीर १००-२०० मिलिसेकंद सहज असतो. एकटे वाजवत असाल तर त्याने फारसं बिघडत नाही, कारण उशीर सारखाच राहतो. पण दोघांनी दोन वेगळे इयरफोन घातले की लय दोन ठिकाणी पडते.

पथक रस्त्यावर उतरलं की गणित बदलतं, आणि तिथे डोळ्याला मान द्यावा लागतो. शेवटची रांग ३० मीटर मागे असेल तर पुढचा आवाज तिच्यापर्यंत ९० मिलिसेकंद उशिरा येतो. १२० च्या लयीत हा मात्रेचा जवळजवळ पाचवा भाग. वाईट म्हणजे मेंदूला त्याची सवय होते. ठरावीक उशीर काही मिनिटं ऐकला की 'एकाच वेळी' कशाला म्हणायचं याचा मेंदूचा अंदाज त्या उशिराकडे थोडा सरकतो. २००४ साली हे प्रयोगांत दाखवलं गेलं. म्हणून मागच्या रांगेने कानावर विसंबू नये, म्होरक्याच्या हाताकडे बघावं. हात म्हणजे दिवा नव्हे, हा फरक महत्त्वाचा. खाली येणारा हात कुठे आणि कधी थांबणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. प्रयोगांत उसळत्या चेंडूबरोबर ताल धरणाऱ्यांची अचूकता लुकलुकीपेक्षा कितीतरी चांगली, जवळपास आवाजाइतकी आली आहे. अट एकच: हात पडणाऱ्या वस्तूसारखा वेग घेत खाली यावा आणि तळाशी टक्कन थांबावा. झेंडा नाचवून हे साधत नाही. कापड लोळत राहतं, नेमका टेकण्याचा क्षण दिसतच नाही. चाल बदलायची खूण म्हणून झेंडा उत्तम, मात्रेसाठी नको.

ज्याला कमी ऐकू येतं त्याने मात्र दिवा जरूर घ्यावा, फक्त लुकलुकणारा घेऊ नये. वरून खाली धावणाऱ्या ठिपक्याची एलईडी पट्टी मिळते, ती बरी. बाकीच्यांच्या घरी दिवा आलाच असेल तर तो ठेक्याच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, लावून भिंतीवर टांगून ठेवा. आवर्तन कुठे आलं ते तो सांगेल, तुम्ही कुठे आहात ते ठोक्याला विचारा.