रुएलिया घ्यावी की जांभळी कोरांटी?

फुलपाखरं-मधमाश्यांसाठी उन्हातला एक पट्टा राखून ठेवलाय आणि तिथे वर्षानुवर्षं टिकणारं जांभळं काहीतरी हवंय म्हटलं की आपल्याकडे पुण्यात नर्सरीवाला आधी रुएलियाच हातात देतो. स्वस्त असते, कुठेही लागते आणि पिशवीत असतानाच फुललेली असते. जांभळी कोरांटी (काट्यांची पिवळी नव्हे, बार्लेरिया क्रिस्टाटा) तिथेच कोपऱ्यात फुलांशिवाय मलूल उभी असते, म्हणून कोणी उचलत नाही. माझ्याकडे दोन्ही होत्या.

रुएलियाचं श्रेय आधी देतो. थंडीत जरा मंदावते पण बाकी वर्षभर फुलते, आणि एप्रिल-मेमध्ये बाकी सगळं करपलेलं असताना सकाळी तिच्यावर भुंगे हमखास दिसायचे. फूल संध्याकाळपर्यंत गळतं खरं, पण दुसऱ्या दिवशी नवीन असतंच, तेव्हा ती काही तक्रार नाही.

तक्रार बियांची. शेंग पिकली की तडकते आणि बिया लांब उडतात, वर त्या ओल्या झाल्या की चिकट होतात, जिथे पडतील तिथे रुततात. पावसाळ्यात गुलाबाच्या कुंडीत रुएलिया, तुळशीत रुएलिया, फरशीच्या फटीत रुएलिया, आणि उपटायला गेलं की वरचा दांडा हातात येतो नि जमिनीखालचा तुकडा परत फुटतो. बारकी नाजूक झाडं तिच्या गर्दीत दबून जातात, म्हणजे ज्या फुलपाखरांसाठी हे सगळं मांडलं त्यांचीच बाकीची झाडं जातात, हे मला फार लागलं. ही मूळची मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची, आणि अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तर ती बागेतून निसटून ओलसर जागांमध्ये पसरली, तिथे तिला आक्रमक झाड म्हणूनच धरतात.

कोरांटीची शेंगही तडकते, पण आत जेमतेम चार बिया. चुकून एखादं रोप आलंच तर ते मला हवंच असतं. फुलते मात्र मुख्यतः पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीच्या आसपास, आणि उन्हाळ्यात नुसती हिरवी काडी, हे मान्य करून घ्यायला हवं. पण त्या बहरात निळ्या पट्ट्यांच्या एकट्या फिरणाऱ्या मधमाश्या जेवढ्या येतात तेवढ्या रुएलियावर मला तरी दिसल्या नाहीत. शिवाय लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या हिची पानं खातात, त्यामुळे भोकं दिसली तर फवारणी करू नका, खाऊ द्या.

जागा मोठी असेल, आजूबाजूला दुसरं काही नसेल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. कुंड्या दाटीवाटीने असतील तर मी कोरांटीच म्हणेन. विकत आणायचीही गरज नाही, पावसाळ्याच्या सुरुवातीला कोणाकडून तरी फांदी आणून खोचा, लागते. बहर संपला की फेब्रुवारीत निम्मी छाटा, नाहीतर लांबट होऊन आडवी पडते. आणि उन्हाळ्यासाठी रुएलिया हवीच असेल तर वेगळ्या कुंडीत ठेवा नि शेंगा हिरव्या असतानाच खुडत जा.