माझ्यामागे वंशावळ कुणाकडे? गूगलचा ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ काही महिने वापरल्यावर

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापून जमाना झाला. पुढच्या पिढ्यांची भर थोरला चुलतभाऊ घालत असे. तो गेला, आणि तेरावं होतं न होतं तोच त्याचा लॅपटॉप पुसून एक्स्चेंजमध्ये गेला. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या नामावळीचे फोटो, मोडी कागदांची करून घेतलेली लिप्यंतरं, सगळं त्यातच होतं. “पासवर्ड कुणाला ठाऊक होता?” म्हणाल्या वहिनी. त्यांचं तरी काय चुकलं?

म्हणून गूगलची ही सोय सुरू केली: खातं ठरावीक महिने वापराविना पडून राहिलं की त्यातला डेटा आपण नेमलेल्या माणसांना मिळतो. बटणं कुठे आहेत ते सगळीकडे सापडतं, ते इथे लिहीत नाही. पहिला गुण म्हणजे फुकट आहे. त्याआधी वंशवृक्षाच्या एका परदेशी साइटची वर्गणी भरत होतो. ‘मी मेल्यावर माझ्या झाडाचं काय?’ असं विचारल्यावर त्यांच्या सपोर्टने मला नूतनीकरणाची लिंक पाठवली. त्याच दिवशी वर्गणी बंद.

आता मुख्य दुखणं. खातं किती महिने निपचित पडलं म्हणजे आपण गेलो असं धरायचं, ते आपण ठरवतो. कमीत कमी 3 महिने. पण निपचित म्हणजे काय? लॉगिन, जीमेलचा वापर, आणि अँड्रॉइडवर चालणारं उपकरण अधूनमधून सर्व्हरला हजेरी लावतं तीसुद्धा यात धरली जाते. आमच्या घरात एक जुना टॅब आहे. तो माझ्या खात्यावर चालतो आणि नातवाच्या ताब्यात असतो. म्हणजे मला अग्नी देऊन आल्यावरही पोरगं त्यावर कार्टून बघत बसलं की गूगलच्या दफ्तरी मी खणखणीत जिवंत! वर्षश्राद्ध झालं तरी वंशावळ कुणाला मिळायची नाही. ही गोष्ट घरात मी इतक्यांदा बोललो की सून म्हणाली, “बाबा, टॅबही चितेवर ठेवू का?”

या टॅबपायी सोय निरुपयोगी म्हणून दोन तारे देणार होतो. मग मत बदललं. वंशावळीपुरतं वेगळंच खातं उघडलं. त्यात आणखी 15 जीबी जागा फुकट मिळाली, हा वरचा फायदा. ते कुठल्याही टॅबवर नाही, फक्त माझ्या कॉम्प्युटरवर आहे. आता उलटी काळजी: ते खातं उघडायचा आळस केला तर जिवंतपणीच माझी अंत्ययात्रा निघायची. पण मुदत संपायच्या महिनाभर आधी एसएमएस आणि ईमेल येतो, आणि मुदत मी लांबची ठेवली आहे. पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतोच, त्यात ही एक भर.

वेगळ्या खात्याचं खरं महत्त्व मात्र नंतर कळलं. वारसाला काय द्यायचं ते सेवांप्रमाणे निवडता येतं: ड्राइव्ह, फोटो, मेल असं. ड्राइव्हमधलं एकच फोल्डर मात्र निवडता येत नाही. घराण्याचं काम करणाऱ्याकडे काय काय जमा होतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. कोण दत्तक गेला, कोणाची पहिली बायको वृत्तांतातून गाळली, कोणत्या भावांनी एकमेकांवर दावे लावले. हे नातवंडांच्या हाती सरसकट पडावं असं मला वाटत नाही. ते आता जुन्या खात्यात आहे आणि त्याचं काय करायचं ते अजून ठरत नाही. ज्यांच्याबद्दल आहे त्यांची मुलं अजून हयात आहेत.

वारस म्हणून आधी मुलाचं नाव घातलं होतं. 10 जणांपर्यंत नावं घालता येतात. पण मुलगा ती मेल उघडेल, ‘नंतर बघू’ म्हणेल आणि विसरेल. बापाला एवढं कळतं. भाचीला मात्र यात रस आहे. लग्नानंतर आमच्या वृत्तांतात तिच्या आईची शाखाच खुंटवली, याचा तिला रागही आहे. असा राग असलेलं माणूस फाइल नक्की उघडतं. नाव तिचं घातलं. बँकेचं मुलाला, वंशावळ भाचीला. बायकोला हे अजून पटलेलं नाही.

ड्राइव्हमध्ये काय ठेवायचं हेही सांगतो. नुसती जेडकॉम (वंशवृक्षाची माहिती साठवायचा ठरलेला साचा) फाइल ठेवू नका. हा साचा 1984 पासूनचा आहे, बहुतेक वंशवृक्षाची सॉफ्टवेअरं तो वाचतात, पण त्याच्या रुळलेल्या आवृत्तीत फोटो जात नाहीत, फक्त फोटो कुठे ठेवलेत तो पत्ता जातो. तो पत्ता तुमच्या कॉम्प्युटरचा, म्हणजे भाचीच्या दृष्टीने शून्य. मी ग्रॅम्प्स हे वंशवृक्षाचं सॉफ्टवेअर वापरतो (हेही फुकट); त्यात फोटोंसकट पॅकेज काढता येतं. ते, जेडकॉम, आणि सगळ्याची साधी पीडीएफ, असं तिन्ही ठेवलं आहे. पीडीएफ छापून तीन घरांत दिलीसुद्धा. कुठलंही खातं बंद पडलं तरी कागद राहील.

मृत्युपत्रातही एक ओळ घालायला वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, “मालमत्तेत याची किंमत काय लिहू?” मी म्हटलं, शून्य लिहा, पण लिहा. पुरवणी करून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. या सगळ्या खटाटोपात पैसे गेले ते इथेच.

शेवटचं. नाव घालताना वारसाला काहीही कळवलं जात नाही, मेल जाते ती मुदत उलटल्यावरच. शिवाय डेटा हाती पडायला त्यांच्या मोबाइलवर कोड येतो. भाची परवा सहज म्हणाली, “मामा, मी नंबर बदलला, तुला सांगायचं राहिलं.” तेव्हा सेटिंगमधला तिचा नंबर बदलला. आता दर दिवाळीला भाऊबीजेच्या फोनवर नंबर विचारून घेणार आहे. साडेतीन तारे. अर्धा टॅबसाठी कापलाय, तो परत मिळणार नाही.