नऊ महिने शेंगदाणे साठवून पाहिले: खवट दाणा येतो कुठून

आईला गेली काही वर्षं वास जवळजवळ येतच नाही. ती रोज मूठभर दाणे खाते. एकदा तिच्या वाटीतला एक दाणा मी सहज तोंडात टाकला आणि थुंकून टाकावा लागला, इतका खवट. “दाणे हल्ली काही लागत नाहीत गं,” असं ती दोन-तीनदा म्हणाली होती. आम्ही ते वयावर ढकलून मोकळे झालो होतो. डब्याचं झाकण काढलं तर आत जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास कोंडलेला. ती ते किती दिवस खात होती, या विचाराने मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी दाणे साठवण्याची पद्धत मुळापासून बदलायला घेतली. त्याला आता नऊ महिने झाले.

एकाच वेळी आणलेले सहा किलो कच्चे, लाल सालीचे दाणे आणि तीन किलो शेंगा घेतल्या. दाणे निवडून झाकणाला रबरी कडी असलेल्या काचेच्या बरण्यांमध्ये भरले. काही बरण्या काळोख्या कपाटात ठेवल्या, एक मुद्दाम खिडकीजवळ, काही फ्रीजमध्ये, काही फ्रीझरमध्ये. थोडे दाणे भाजून रोजच्या स्टीलच्या डब्यात भरले. शेंगा कापडी पिशव्यांत. प्रत्येकावर भरल्याची तारीख लिहिली. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकातले दहा-बारा दाणे काढून बघायचे, एवढाच नेम.

सर्वांत आधी भाजलेले गेले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा खमंगपणा उतरला. वाईट वास नव्हता, पण भाजल्याचा वासही नव्हता. पाचव्या आठवड्यात ते सरळ खवट झाले. भाजताना दाण्यातलं पाणी उडतं, आतल्या पेशी फुटतात आणि तेल मोकळं होऊन हवेच्या संपर्कात येतं. दाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेलच असतं, आणि त्या तेलातला साधारण ८० टक्के भाग असंतृप्त असतो. हाच भाग ऑक्सिजनशी चटकन जोडला जातो. एकदा ती साखळी सुरू झाली की ती स्वतःच पुढे पळते. म्हणून कच्चे दाणे पहिले दोन महिने ठीक वाटतात आणि मग आठ-दहा दिवसांतच बिघडल्यासारखे वाटतात. बिघाड आधीपासून चालूच असतो, नाकाला तो उशिरा कळतो. कूट केलं तर आणखी घाई. माझं कूट बाहेर ठेवलेल्या डब्यात दहा-बारा दिवसांपलीकडे ताजं राहिलं नाही. आता मी आठवड्यापुरतेच दाणे भाजते आणि कूट लागेल तेव्हाच करते.

खिडकीजवळची बरणी तिसऱ्या महिन्याच्या शेवटी गेली. कपाटातली, तशीच, त्याच दिवशी भरलेली बरणी त्या वेळी उत्तम होती. फरक फक्त उजेडाचा आणि दुपारच्या उन्हाने तापणाऱ्या काचेचा. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशी रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ हिशोब धरतात. तो मला या दोन बरण्यांमध्ये प्रत्यक्ष दिसला. काचेची बरणी दिसायला सुंदर असते, पण ती काळोखात ठेवायची वस्तू आहे.

पण मला खरी शिकवण मिळाली ती कपाटातल्या दोन बरण्यांतून. एक गळ्यापर्यंत भरलेली, पंधरा दिवसांतून एकदा उघडणारी. दुसरी रोज उघडायची, त्यामुळे महिन्याभरात अर्धी झालेली. जागा तीच, काच तीच, झाकण तेच. पहिली पाचव्या महिन्यापर्यंत छान टिकली, दुसरीत तिसऱ्या महिन्यातच कडवट चव आली. अर्ध्या बरणीत दाण्यांइतकीच हवा असते, आणि प्रत्येक उघडण्यासरशी ती नवी होते. आमचा जुना डबा तर मोठा, कायम अर्धवट भरलेला आणि रोज चार वेळा उघडणारा. शिवाय तो धुवायच्या आत त्यात नवे दाणे ओतले जायचे. तळाला आणि कडांना राहिलेलं खवट तेल नव्या दाण्यांना लागून त्यांनाही लवकर बिघडवतं. मी डबा कुठल्या धातूचा घ्यावा यावर कितीतरी दिवस घालवले होते. गंजलेला पत्रा किंवा तांबं टाळावं हे खरंच, कारण या धातूंच्या अंशाने तेल लवकर खवट होतं. पण चांगलं स्टील आणि काच यांत मला चवीचा फरक आढळला नाही. भरलेल्या लहान बरण्या आणि एकावेळी एकच उघडायची, याने मात्र खूप फरक पडला. बरणी रिकामी झाली की गरम पाणी आणि साबणाने धुऊन, दिवसभर उपडी ठेवून, पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा भरायची.

फ्रीजबद्दल माझ्या मनात शंका होती, दाणे सादळतील अशी. एका पिशवीच्या बाबतीत ते झालंही. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, नुसती गाठ मारून ठेवलेले दाणे मऊ पडलेच, वर त्यांना कापलेल्या कांद्याचा वास लागला. दाण्यातलं तेल आसपासचे वास ओढून घेतं आणि तो वास भाजूनही पुरता जात नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत मात्र नऊ महिन्यांनंतर आजही दाणे चांगले आहेत, फक्त गोडवा जरा कमी झालाय. फ्रीझरमधले तर पहिल्या दिवसासारखे. त्यांच्यात पाणी इतकं कमी असतं की गोठून गोळा होत नाही, बरणी हलवली की खळखळतात. जपायचं ते एकाच बाबतीत: गार बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नये. गार दाण्यांवर हवेतली वाफ दव धरते आणि त्या ओलीवर बुरशीचं फावतं. मी रात्री बरणी बंदच बाहेर ठेवते, सकाळी उघडते, आठवड्याचे दाणे काढते आणि पुन्हा बंद करून आत ठेवते.

शेंगांनी छान साथ दिली. टरफल हे दाण्याचं जन्मजात झाकण. सात महिन्यांनंतरही फोडलेली शेंग कच्च्या वाटाण्यासारखी ताजी लागत होती. पण एका पिशवीत किडे झाले. आधी दोन शेंगा जाळीने एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, मग अळ्या, मग टरफलाला बारीक भोकं. ती पिशवी गेली. उरलेल्या शेंगा घट्ट पिशव्यांत भरून चार दिवस उणे १८ अंशांवर ठेवल्या, तेव्हापासून एकही किडा नाही. आता नवे दाणे आले की सगळे आधी या चार दिवसांतून जातात.

आता ओळखण्याबद्दल. दाणे दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी बिघडतात, आणि मी आजवर दोन्हींना एकच समजत होते.

पहिला प्रकार खवटपणाचा. तो नाकाला कळतो. आधी दाण्याचा स्वतःचा वास नाहीसा होतो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखा येतो, शेवटी रंगाचा किंवा जुन्या तेलाचा. बरणीत नाक घालून पहिल्या क्षणी जे कळेल तेच खरं, दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला नाक सरावतं. शंका वाटली तर मी दहा दाणे मुठीत मिनिटभर घट्ट धरते आणि मूठ किंचित उघडून हुंगते. हाताच्या उबेने वास सुटतो. मग दाणा दुभागून बघते. आतली बाजू पांढरट-पिवळसर हवी. ती गडद पिवळी, तपकिरी किंवा तेलाने पारदर्शक झाली असेल तर तो गेला. खाऊन बघायचं ते सगळ्यांत शेवटी, एकच दाणा. खवट चव घशाशी रेंगाळते. लहान, सुरकुतलेले, न भरलेले दाणे मुळातच कडू असतात आणि टोकाचा कोंबही थोडा कडवट असतो, तेव्हा एका कडू दाण्यावरून बरणी फेकू नये, आणखी पाच-सहा बघावेत. तसंच नुसते मऊ पडलेले दाणे म्हणजे बिघडलेले नव्हेत. वास स्वच्छ असेल तर मंद आचेवर कोरडे केले की पुन्हा कुरकुरीत होतात. पण लगेच करायला हवं, कारण सादळलेला दाणा हेच दुसऱ्या प्रकाराचं दार.

तो दुसरा प्रकार म्हणजे बुरशी. यात नाक आणि डोळे दोन्ही फसू शकतात. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकस या बुरश्या उबदार, दमट हवेत दाण्यांवर वाढतात आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेता घेता कारण त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी जाऊन पोचलं. या विषाची ओळख तिथून झाली. ते यकृतावर घाला घालतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. त्याला वास नाही, चव नाही, आणि घरी भाजून ते पूर्ण जात नाही. भाजलं की सगळं मरतं अशी माझी पक्की समजूत होती. बुरशी मरते, पण तिने आधीच तयार केलेलं विष मागे राहतं.

म्हणून निवडण्याला मी आता पूर्वीपेक्षा किती तरी जास्त वेळ देते. फुटलेले, सुरकुतलेले, काळपट, डागाळलेले, साल निघालेले आणि किडके दाणे बाजूला काढते. हे विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, ते थोड्याच दाण्यांत साठलेलं असतं आणि अशाच खराब दाण्यांत ते सापडण्याची शक्यता जास्त. कधी कधी बाहेरून टपोऱ्या दिसणाऱ्या दाण्याच्या दोन पाळ्यांच्या मध्ये हिरवट-करडी बुरशी असते. म्हणून दर बरणीतले काही दाणे फोडून बघणं मी सोडत नाही. मूठभर दाण्यांत एक-दोन डागाळलेले निघाले तर ते काढते, पण बुरशीची लव दिसली किंवा झाकण उघडताच कुबट वास आला तर निवडत बसत नाही, आणि हुंगत तर मुळीच नाही. सगळी बरणी पिशवीत बांधून कचऱ्यात. पक्ष्यांना किंवा गुरांनाही घालायची नाही, कारण त्या टर्की पक्ष्यांचं जे झालं ते असंच खाऊन झालं.

ओल किती चालते याचा आकडा उपयोगी पडला. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संचात दाण्यांना जास्तीत जास्त ९ टक्के आणि शेंगांना १० टक्के ओलावा चालतो. घरी मोजता येत नाही, पण बोटांनी कळतं. कोरडा दाणा टचकन दोन होतो, साल चोळताच सुटते. ओला दाणा दाबला जातो, वाकतो, आणि साल चिकटून राहते. असे दाणे आले तर मी ते भरतच नाही, आधी पंख्याखाली पातळ पसरून दोन दिवस वाळवते. कडक उन्हात दिवसेंदिवस ठेवत नाही, नाहीतर ओल जाते आणि खवटपणा सुरू होतो. सिलिका जेलची पुडी ओल शोषते, पण तिचा ऑक्सिजनशी संबंध नाही. हवा शोषायला लोहाची भुकटी असलेल्या वेगळ्या पुड्या मिळतात. त्या मी एकाच बरणीत वापरल्या आणि रोज उघडणाऱ्या बरणीला त्यांचा काही उपयोग झाला नाही. महिनोन्महिने बंद राहणाऱ्या बरणीलाच त्या घालाव्यात.

लाल साल काढू नका, एवढं मात्र आग्रहाने सांगेन. सालीतले घटक तेलाला हवेपासून जपतात, आणि सोललेले दाणे माझ्याकडे सालीच्या दाण्यांपेक्षा महिनाभर आधी गेले.

आईसाठी एक वेगळी लहान बरणी केलीय, आठवडाभर पुरेल एवढीच. तिच्यावर मोठ्या अक्षरांत भाजल्याची तारीख असते, आणि भरण्याआधी वास मी किंवा माझी मुलगी घेते. दर रविवारी आई बरणी पुढे करून विचारते, “बघ गं, झाले का जुने?” उरलेले चार-पाच दाणे मी मुठीत धरते, हुंगते, एक चावून बघते आणि तिला सांगते.