वाफसा येईपर्यंत थांबणारी माणसे : परसबाग तयार करून देणाऱ्या एका सेवेचा वर्षभराचा अनुभव

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी तिघे जण फावडी, कुदळी आणि घमेली घेऊन आमच्या अमळनेरच्या घरी आले. दोन दिवसांपूर्वी चांगला पाऊस होऊन गेला होता आणि वरवर पाहता जमीन सुकल्यासारखी दिसत होती. त्यांच्यातल्या वयस्कर बाबांनी वीतभर खोल उकरून मूठभर माती काढली, तिचा लाडू वळला आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडला. लाडू फुटला नाही, जमिनीवर आपटून भाकरीसारखा चपटा झाला. बाबा म्हणाले, "ताई, माटी आजून वल्ली शे." एवढे बोलून त्यांनी अवजारे पुन्हा गाडीत ठेवली. तीन दिवसांनी ते परत आले, तोच लाडू पुन्हा टाकून पाहिला, तो भुसभुशीत होऊन पसरला आणि मगच वाफ्यांसाठीचे पहिले फावडे जमिनीत गेले. मधल्या फेरीचा एक रुपयाही बिलात लावलेला नव्हता.

या सेवेबद्दल मला जे चांगले सांगायचे आहे, त्याचे मूळ या प्रसंगात आहे. काळी माती ओली असताना खणली की तिची ढेकळे होतात, ती उन्हात विटेसारखी कडक होतात आणि पुढचा सबंध हंगाम त्यांत मूळ शिरत नाही. तीच माती अगदी कोरडी झाल्यावर खणायला जावे, तर कुदळ उसळते. या दोन अवस्थांच्या मधले जे तीनचार दिवस असतात, त्यालाच आपल्याकडे वाफसा म्हणतात. शेतकऱ्याला हे लहानपणापासून ठाऊक असते, पण रोजंदारीवर बाग करून देणारे त्यासाठी थांबतील अशी माझी अपेक्षा नव्हती, कारण याआधी दोन वेळा मी इतरांकडून हेच काम करून घेतले होते आणि दोन्ही वेळा चिखलातच खणून झाले होते.

आमचे घर बिनशेती झालेल्या ले-आउटमध्ये आहे. मूळची जमीन कपाशीची, काळी आणि खोल. परंतु घर बांधताना मागच्या 20 बाय 30 फुटांच्या जागेत मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटच्या खपल्या आणि वाळूचा उरलेला ढीग असे सगळे दाबले गेले होते. श्रावणात तिथे पाणी दोन दोन दिवस साचून राही आणि वैशाखात हात आत जाईल एवढ्या भेगा पडत. काळ्या मातीतील चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि सुकताना आकसतो, त्यामुळे भेगा पडणे हा तिचा स्वभावच आहे. पण आमच्याकडे त्या भेगांच्या कडा दगडासारख्या झालेल्या होत्या. मेथी लावली की दुसऱ्या पानावर पिवळी पडे. वांग्याची झाडे गुडघ्याच्या वर जात नसत.

ज्या गटाकडून हे काम करून घेतले तो तालुक्यातल्याच काही शेतकरी कुटुंबांचा आहे. त्यांच्या एका चुकीबद्दलही पुढे लिहायचे असल्यामुळे गटाचे नाव देत नाही. संपूर्ण कामाचे त्यांनी 11,500 रुपये घेतले. त्यात माती परीक्षण, खणाई, राडारोडा वेचणे, हिरवळीचे खत, शेणखत, गांडूळ खत, निंबोळी पेंड आणि 5 वाफे बांधून देणे एवढे होते. ठिबक आणि रोपे यांचा खर्च वेगळा. ही रक्कम लहान नाही. घरातल्या दोन माणसांना खणता येत असेल, तर त्यातला निम्म्याहून जास्त खर्च वाचतो, हे त्यांनी स्वतःच पहिल्या भेटीत सांगितले.

मार्चमध्ये त्यांनी नमुना घेतला, तेव्हा मी शेजारी उभी राहून पाहिले. आंब्याच्या सावलीतली आणि जुन्या उकिरड्याजवळची जागा सोडून त्यांनी सात ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे केले, खड्ड्याच्या कडेची पातळ चकती कापून घेतली, सगळी माती गोणपाटावर एकत्र केली, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहिले. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 साली सुरू झाली, त्यामुळे गावोगाव मातीचा अहवाल आला खरा, पण नमुनाच नीट घेतला नसेल, तर तो अहवाल उकिरड्याचा असतो की शेताचा, हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या अहवालात सामू (पीएच) 8.3 आला, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, नत्र आणि स्फुरद कमी, पालाश भरपूर, जस्त आणि लोह कमी. खानदेशातल्या काळ्या जमिनी बहुतांशी विम्लधर्मी आणि चुनखडीयुक्त असतात, तिथे लोह मातीत असूनही पिकाला मिळत नाही. कोवळे पान पिवळे आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्या, असा जो केवडा पडतो तो याच कारणाने. आमच्या मेथीचे दुखणे तिथे कळले. सिमेंटच्या खपल्यांनी त्यात चुन्याची भरच घातली होती.

यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण त्यात त्यांनी काहीही विकले नाही. सासूबाई वर्षानुवर्षे चुलीची राख वाफ्यांत टाकत आल्या होत्या. राख आम्लधर्मी मातीला मानवते, पण ज्या मातीचा सामू आधीच 8 च्या वर आहे आणि ज्यात पालाश भरपूर आहे, तिथे ती नुकसानच करते, हे त्यांनी सासूबाईंना अहवालातला आकडा दाखवून, न दुखावता समजावले. मी मातीत वाळू मिसळायचे म्हणत होते. त्यांनी काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी भरून ती हलवली आणि खिडकीत ठेवली. वाळूचा थर मिनिटभरात खाली बसला, तो बोटाच्या पेराएवढाही नव्हता; चिकण मातीने मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवले. एवढ्या चिकण मातीत दोनचार घमेली वाळू टाकली, तर ती भुसभुशीत होण्याऐवजी अधिकच घट्ट बसते आणि फरक पडावा एवढी वाळू टाकायची, तर ट्रॉल्याच ओताव्या लागतील. जिप्समबद्दल विचारले तेव्हा ते सोडियम वाढलेल्या, चोपण जमिनीसाठी असते, तुमच्या जमिनीत त्याची गरज नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका विक्रेत्याने मला त्याच महिन्यात चार गोण्या जिप्सम घ्यायला सांगितले होते.

एप्रिलमध्ये फूटभर खोल खणून जमीन उघडी टाकली. एकट्या राडारोड्याची 43 घमेली निघाली, मी मोजली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या, तेव्हा मागच्या अंगणात नुसती ढेकळे पाहून सगळ्यांनी विचारले की बाग कुठे आहे. पण आपल्याकडचे मे महिन्यातले 44-45 अंशांचे ऊन हे फुकटचे औषध आहे; त्यात किडींचे कोष, हरळीच्या गाठी आणि बऱ्याच बुरशी मरतात आणि ढेकळे पहिल्या पावसात आपोआप विरघळतात. जूनमध्ये पाव किलो ताग फेकून पेरला. तो कमरेएवढा झाल्यावर, फुले उमलण्याच्या बेतात असताना, साधारण 45 दिवसांनी कापून तिथेच गाडला. तागाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात आणि कोवळे खोड मातीत लवकर कुजते. फुले येऊन खोड निबर झाले की कुजायला फार वेळ लागतो, म्हणून ही वेळ चुकवू नये, हे त्यांनी दोनदा फोन करून बजावले.

आता चूक. वाफे करण्याच्या आठवडाभर आधी जे शेणखत आले, ते कुजलेले नव्हते. ढिगात हात घातला तर आत कोमट लागत होते, वास नाकाला झोंबत होता, काड्या आणि शेणाचे पोपडे जसेच्या तसे होते आणि फावड्याच्या एका फटक्यात अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या सहा-सात पांढऱ्या अळ्या बाहेर पडल्या. हुमणी वाफ्यात गेली, तर वांग्याचे झाड एका दिवसात माना टाकते आणि उपटून पाहिले तर मुळे खाल्लेली असतात. शिवाय अर्धवट कुजलेले खत कुजत असताना मातीतलाच नत्र ओढून घेते. मी हे सांगितले तेव्हा गटाच्या माणसाने आधी "दहा दिवसांत बसेल, ताई" असे म्हणून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला. ज्या गटाने वाफशासाठी फेरी वाया घालवली, त्याच गटाने खताच्या बाबतीत अशी घाई करावी, याचे मला वाईट वाटले. मी ढीग स्वीकारला नाही. सहा दिवसांनी दुसरे खत आले. ते काळे, मोकळे आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेले होते आणि ते त्यांनी माझ्यासमोर चाळून दिले. खत कुठून घेतले, हे आता ते पावतीवर लिहून देतात, एवढी सुधारणा त्यानंतर झाली आहे.

गांडूळ खताबद्दल मात्र तक्रार करायला जागा नाही. ते केळीच्या खोडाचे तुकडे आणि शेण यांपासून केलेले होते. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीचा घड काढल्यावर उरणारी खोडे बांधावर सडत पडतात. त्यांचे असे सोने करणारी माणसे वाढावीत, असे मनापासून वाटते. 200 किलो शेणखत, 100 किलो गांडूळ खत, 5 किलो निंबोळी पेंड, आणि शेणखतात आठवडाभर मुरवलेले प्रत्येकी 100 ग्रॅम झिंक सल्फेट व फेरस सल्फेट, असे सगळे 5 वाफ्यांच्या वरच्या वीतभर मातीत मिसळले गेले. मुरवून दिल्यामुळे चुनखडीच्या मातीत लोह आणि जस्त लगेच अडकून पडत नाही.

वाफे प्रत्येकी 4 फूट रुंद, 18 फूट लांब आणि 6 इंच उंच. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही आणि भुसभुशीत केलेली माती पुन्हा दाबली जात नाही. ठिबकाचे काम साधे आणि नीट झाले.

पाचही वाफे उंच करण्याचा त्यांचा निर्णय मात्र मला पटलेला नाही. पावसाळ्यात गादीवाफ्यांनी मुळे वाचवली, सप्टेंबरच्या मोठ्या पावसातही पाणी चरांतून निघून गेले, हे खरे. पण मार्चपासून तेच वाफे चारही बाजूंनी वाळू लागले आणि पालकाला दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागले. आमच्या आजोळी बोरी नदीकाठच्या मळ्यात उन्हाळी भाजीचे वाफे जमिनीपेक्षा चार बोटे खोल असत आणि कडेला शेवरीची सावली असे. खानदेशच्या उन्हाळ्यासाठी तीच पद्धत बरोबर आहे. मी एका वाफ्यावर केळीच्या वाळक्या पानांचे जाड आच्छादन घातले, तिथे एका पाण्यावर भागले. उरलेल्या वाफ्यांवर घालायला उशीर झाला, तोपर्यंत कोथिंबीर करपली होती.

वांग्याची रोपे ऑगस्टअखेर लावली होती, तीही आपली हिरवी, पांढरट रेघांची, भरिताची. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते वांगे घराच्या मागे नीट पिकवता यावे, ही माझी जुनी इच्छा होती. झाडे छातीपर्यंत गेली. आमच्याकडे चातुर्मासात वांगे खात नाहीत, म्हणून पहिली फळे आली तेव्हा शेजारी वाटली आणि चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचे भरीत घरच्या वांग्यांचे झाले, काड्यांवर भाजलेले, हिरव्या मिरचीत ठेचलेले. सासूबाईंनी त्या दिवशी चुलीतली राख गोळा केली आणि भांडी घासायला वेगळ्या डब्यात ठेवली. मेथी हिरवीगार आली, तिची जुडी धुताना पानावर पिवळा डाग शोधूनही सापडला नाही. जानेवारीत कांद्याची पात उपटताना मातीतून पहिल्यांदा गांडूळ निघाले; मी ते परत झाकले.

ज्यांच्या जागेत नुकतेच बांधकाम झाले आहे आणि ज्यांना स्वतः खणणे शक्य नाही, त्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवीन. मार्चमध्ये संपर्क करावा; ऑगस्टमध्ये बोलावले, तर उन्हाचा आणि तागाचा दोन्ही फायदा हातचा जातो. खताचा ढीग उतरवण्याआधी त्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावा आणि निदान एक वाफा खोल ठेवायला सांगावा. या एप्रिलमध्ये ते पुन्हा येणार आहेत, तेव्हा पाचवा वाफा मोडून चार बोटे खाली न्यायचे ठरले आहे. दिवस मात्र त्यांनी अजून दिलेला नाही, आधी येऊन मूठभर माती पाहतो म्हणाले.