मोबदला की टीपी स्कीम: हद्दीवर जमीन असलेल्यांसाठी

गाव महापालिकेत आलं, किंवा यायची नुसती चर्चा सुरू झाली, की सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो. विकास आराखड्यात जमिनीवर रस्ता पडला तर तेवढी जागा देऊन मोबदला किंवा टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायचा, की प्राधिकरण नगररचना योजना, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून भूखंड नव्याने आखणारी टीपी स्कीम, आणत असेल तर तिच्या बाजूने उभं राहायचं? दोन्ही वाटा 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्यातल्याच. आमच्या भावकीने दुसरी धरली. तुमच्या जमिनीचं गणित वेगळं असू शकतं.

मोबदल्याची वाट सुटसुटीत आहे, हे मान्य. रस्त्यात जाते तेवढ्याच जमिनीचा व्यवहार, बाकीची जागच्या जागी. हातात रोख हवी असेल तर हीच बरी. टीडीआरही विकता येतो, फक्त भाव त्या वेळच्या बाजाराचा. प्राधिकरणाकडे पैसा नसला की मात्र रस्त्यासाठीचं आरक्षण नकाशावरच पडून राहतं. 10 वर्षांनी ‘जमीन घ्या, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी कलम 127 ची नोटीस देता येते, पण त्यानंतरही त्यांना 24 महिने मिळतात, आणि तोवर गिऱ्हाईक फिरकत नाही.

आमचा निर्णय मात्र यातल्या कशाने झाला नाही. तो झाला उरलेल्या तुकड्यामुळे.

आमचं वावर लांबट, बांध वाकडा, आणि आराखड्यातला रस्ता त्यातून तिरपा. भाग नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर रस्त्याच्या एका अंगाला बरी जागा उरत होती, दुसऱ्या अंगाला त्रिकोण. त्या त्रिकोणाला तिन्ही बाजूंनी सामासिक अंतर, म्हणजे बांधकामाभोवती मोकळी ठेवायची जागा, सोडलं की मधे जेमतेम पाण्याची टाकी बसेल. जमीन तुटल्याचं नुकसान भूसंपादनात मागता येतं, पण टीडीआर मोजतात तो दिलेल्या क्षेत्रावरच. त्रिकोणाचं त्यात कुणी काही धरत नाही. शेजाऱ्याचा एक गुंठाही गेला नाही, उलट त्याला रस्त्याला लागून सरळ तोंड मिळालं. त्याच्याशी आमचं वैर नाही, तरी हे खुपत राहिलं.

टीपी स्कीममध्ये सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र धरतात, रस्ते, बागा, शाळांची जागा काढतात आणि उरलेल्यातून प्रत्येकाला अंतिम भूखंड आखून देतात. रस्ता ज्याच्या अंगावरून गेला आणि ज्याच्या दारावरून गेला, झीज, म्हणजे जमिनीतली कपात, दोघांनाही लागते. ती थोडीथोडकी नसते: नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना भागात सिडको या सरकारी नगरविकास कंपनीने मूळ जमिनीच्या 40 टक्के भूखंड परत देण्याचं सूत्र ठेवलं आणि भरपाई म्हणून त्यावर जादा एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल त्याचं प्रमाण) दिला. आकडा ऐकून आमच्या चुलत्यांनी सभेतून उठायची तयारी केली होती. पण परत मिळतो तो तुकडा नसतो, रस्त्याला लागलेला, बांधता येईल असा भूखंड असतो. ही पद्धत काही नवी नाही. मूळ कायदा 1915 चा. वांद्रे, सांताक्रूझच्या मालमत्तांच्या कागदांवर 'टीपीएस' अजून दिसतं. पुढे गुजरातने ती जोमाने वापरली, आपल्याकडे ती बरीच वर्षं बाजूला पडली.

जाच तिथेही आहेच. प्रारूप योजना, मग लवाद (भूखंड आणि हिशेब ठरवणारा अधिकारी), मग प्राथमिक आणि अंतिम योजना. यात वर्षं जातात. भूखंड मूळ जागीच मिळेल याची हमी नाही, त्यामुळे विहीर दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ शकते. योजनेमुळे वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत अंशदानही मागू शकतात. भावकीत वाटण्या झालेल्या नसतील तर भूखंड सामायिक येतो, आणि ते दुखणं वेगळंच. तुमची जमीन आधीच चौकोनी, रस्त्याला लागून आणि बिनआरक्षणाची असेल, तर मी तरी हरकत नोंदवायचा विचार करीन. वाकड्या बांधाच्या, आत अडकलेल्या जमिनीला मात्र स्कीमच उजवी वाटते.

एक करा: जमीनमालकांच्या सभेआधी सातबारा आणि मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) शेजारी ठेवून क्षेत्र जुळतंय का ते पाहा. मूळ क्षेत्र कमी धरलं गेलं तर अंतिम भूखंडही त्याच प्रमाणात लहान निघतो, आणि लवादापुढे ते दुरुस्त करून घेणं जड जातं.